इतिहास घेऊन बी.ए.

साशंक : मॅडम, बारावीनंतर एखादा मुलगा बी.ए.ला इतिहास घेऊ का असं विचारायला आला, तर हल्ली मी त्याला घेऊ नको म्हणून सांगतो. आयुष्यभर हाच विषय शिकवला, त्यामुळे हे सांगताना त्रास होतो. पण वर्गात काय चालतं ते मी फार जवळून पाहिलंय. सत्र म्हणायला सहा महिन्यांचं. त्यातून प्रवेश, परीक्षा, पेपर तपासणी, युवा महोत्सव आणि निवडणुकीची कामं वजा केली की शिकवायला दोन-अडीच महिने उरतात. तेवढ्यात चार घटक संपवायचे. मौर्य साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे, फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे व परिणाम, सविनय कायदेभंगाच्या चळवळीचे महत्त्व. कारणं सहा, परिणाम आठ, महत्त्व पाच मुद्द्यांत. मुलं ते वहीत उतरवून घेतात, नाहीतर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड आणतात, तेही नाही मिळालं तर मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स. पेपरात टिपा लिहा, कोणत्याही दोन. पदवी हातात पडते तेव्हा त्या मुलाने एकही मूळ कागद पाहिलेला नसतो. दोन इतिहासकारांत मतभेद का झाला, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. एवढं सगळं होऊन त्याला वाटतं की आपल्याला इतिहास येतो. माझी खरी तक्रार ही आहे. काहीच न शिकलेला माणूस निदान विचारतो तरी.

कैवारी : सर, तुम्ही वर्णन केलेला वर्ग मलाही ओळखीचा आहे. पण तो वर्ग फक्त इतिहासाचा नाही. राज्यशास्त्राचा, समाजशास्त्राचा, मराठीचासुद्धा तोच आहे. मग इतिहासच घेऊ नको, असं का? आणखी एक. या वर्गात येणारी मुलं स्पर्धा परीक्षेसाठी येतात याचं अनेकांना वाईट वाटतं, मला वाटत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी पदवीपर्यंत आलंय, त्या घराने नोकरीचा विचार करूनच विषय निवडायचा. एमपीएससीला इतिहास लागतो म्हणून तो घेतला, यात कमीपणा कसला? मुलगा कोणत्या कारणाने वर्गात आला यापेक्षा तो आल्यावर आपण त्याच्यापुढे काय ठेवतो ते मी पाहते.

आणि ठेवण्यासारखं पुष्कळ आहे. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचंच घ्या. कितीतरी पिढ्या बखरींवरून १६२७ हे साल धरून चालल्या. मग जेधे देशमुखांच्या घरातली शकावली पुढे आली, लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध केली आणि वाद पेटला. शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. पुढे कवींद्र परमानंदाच्या शिवभारताची पोथी तंजावरला मिळाली, तिच्यातही शक हाच. राजस्थानातल्या एका कुंडलीनेही दुजोरा दिला. तरी महाराष्ट्र सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली ती २००१ मध्ये. प्रथम वर्षाच्या मुलांना मी विचारते : एका देशमुख घराण्याने ठेवलेली दोन-दोन ओळींची रुक्ष टिपणं आपण का मानायची आणि रसाळ, सविस्तर बखर का बाजूला ठेवायची? मुलं आधी गोंधळतात. मग एखादा म्हणतो, बखर नंतर लिहिली. दुसरी म्हणते, टिपण लिहिणाऱ्याला कुणाला खूश करायचं नव्हतं. एका तासात मुलं इथवर येतात. ही मुलं शिकण्याच्या लायकीची नाहीत असं मला कुणी सांगू नये.

साशंक : मुलांच्या लायकीवर मी बोट ठेवलेलंच नाही. पण तुमचं उदाहरण सोयीचं आहे, कारण तो वाद आता मिटला आहे. उत्तर माहीत असताना पद्धत दाखवणं सोपं असतं. शिवाय तो वाद कुणी सोडवला? ज्यांना मोडी येत होती, संस्कृत येत होतं, पंचांगाचं गणित येत होतं त्यांनी. तो शुक्रवार खरोखर शुक्रवारच होता का, हे तुमच्या वर्गातलं कुणी काढून दाखवेल? १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, ज्युलियन कालगणनेतली आहे. आजच्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस १ मार्च येतो. त्या काळात सुरतेचे इंग्रज जुनी गणना धरून पत्रं लिहीत होते आणि गोव्याचे पोर्तुगीज नवी. एकाच दिवशी दोघांनी लिहिलेल्या पत्रांत दहा दिवसांचं अंतर पडतं. त्यात इंग्रजांचं वर्ष बदलायचं २५ मार्चला, म्हणून जानेवारीतल्या सुरतेच्या लुटीच्या कागदांवर १६६३ आणि १६६४ असे दोन्ही आकडे भेटतात. पेशवे दप्तरातल्या कागदावर इसवी सन नसतोच. इहिदे सितैन मया व अलफ असं लिहिलेलं असतं. त्याचे अकराशे एकसष्ट करायचे, त्यात पाचशे नव्व्याण्णव किंवा सहाशे मिळवायचे, महिना बघून त्यातलं कोणतं ते ठरवायचं, तेव्हा पानिपताचं वर्ष हाती लागतं.

यातलं काहीही बहुतेक ठिकाणी बी.ए.ला शिकवलं जात नाही. मोडी नाही, फारसी नाही, पोर्तुगीज तर दूरच. म्हणजे तीन वर्षं विद्यार्थी दुसऱ्याने वाचलेलं वाचतो आणि तिसऱ्याने काढलेलं सार पाठ करतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. राज्यात इतिहासाचे पदवीधर उदंड, आणि आपल्याच तहसील कचेरीतला शंभर वर्षांपूर्वीचा कागद वाचायला माणूस नाही. म्हणून मी म्हणतो, अठराव्या वर्षी मुलाने भाषा शिकावी, अर्थशास्त्र शिकावं, कायदा शिकावा, हत्यारं गोळा करावीत आणि मग इतिहासाकडे यावं. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात सरकारी अधिकारी होते, नोकरीत असताना गोंडी आणि कोलामी शिकले, फारसी साधनं त्यांनी मराठीत आणली. हाती काहीतरी घेऊन ते या विषयात आले.

कैवारी : कोसंबी आणि पगडी लाखात एक. त्यांच्यावरून अभ्यासक्रम ठरवायचा तर मग सगळीच कॉलेजं बंद करावी लागतील. वयाचाच मुद्दा असेल तर नीळकंठ जनार्दन कीर्तने आठवा. ग्रांट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली आला. त्याचं मराठी भाषांतर मराठ्यांची बखर म्हणून शाळाशाळांत गेलं आणि चाळीस वर्षं तोच शेवटचा शब्द मानला गेला. डफने कोणते कागद पाहिले, कोणते पाहिले नाहीत, कुठे घाईने निष्कर्ष काढला, हे कागद समोर ठेवून पहिल्यांदा विचारलं ते विशीतल्या कीर्तन्यांनी. १८६७-६८ ची गोष्ट. इतिहासाच्या साधनांचा राजवाड्यांचा पहिला खंड निघायला तेव्हा तीस वर्षं होती.

हत्यारांचं तुम्ही म्हणता ते मला पटतं, पण त्यावरून मी उलट निष्कर्ष काढते. मोडी कळत नाही म्हणून इतिहास घेऊ नका असं सांगण्यापेक्षा इतिहास घेणाऱ्याला मोडी शिकवा. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, पुढचं सरावाचं काम आहे. आणि सगळं मोडीतच अडलंय असंही नाही. राजवाड्यांचे बावीस खंड छापलेले आहेत, सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग बाळबोधीत आहेत. ते कितीतरी कॉलेजांच्या ग्रंथालयांत आहेत आणि कुलूपबंद कपाटात आहेत. चावी मागायला कुणी जात नाही, हा दोष त्या मुलांचा नाही.

शिवाय मूळ भाषा आली म्हणजे इतिहास आला असंही नसतं. मी दुसऱ्या वर्षाला सुप्याचं प्रकरण घेते. १२ मे १८७५. सुप्याच्या बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. सरकारने आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. एवढं गाईडमध्येही असतं. मी मुलांपुढे तीन गोष्टी ठेवते. आयोगाचं म्हणणं, की सरकारी साऱ्यामुळे हे झालं नाही, दोष सावकाराचा. पुणे सार्वजनिक सभेने दोन वर्षं आधी, १८७३ मध्ये, शेतकऱ्यांच्या हलाखीबद्दल काढलेला अहवाल. आणि रयतेने कलेक्टरला केलेला अर्ज. मग विचारते : सारा ज्याने वाढवला त्यानेच आयोग नेमला, तर आयोग साऱ्याला दोष देईल का? अर्ज रयतेचा खरा, पण तो लिहिला कुणी? अर्ज लिहिणाऱ्याला किती पैसे दिले असतील? सावकार हाताशी असताना जमावाचा रोख बहुतेक ठिकाणी कागदावरच का होता? मागच्या वर्षी एक मुलगा म्हणाला, कारण कोर्टात कागदच बोलायचा. त्याच्या आजोबांची जमीन कशी गेली ते त्याने घरी ऐकलं होतं. सर, त्या मुलाला मोडी येत नाही. पण १८७५ च्या शेतकऱ्याला काय कळलं होतं, ते त्याला कळलं.

साशंक : छान बोलला तो मुलगा. मी त्याला विचारलं असतं, तुझ्या आजोबांच्या अनुभवावरून तू १८७५ च्या शेतकऱ्याच्या मनातलं सांगतोस, हे कशाच्या आधाराने? इतिहासात सहानुभूती फार लवकर येते आणि पुरावा फार उशिरा. दोन्हींतलं अंतर राखायला शिकवणं हेच तर काम.

सुप्याच्या पुढच्या टप्प्यावर या. अमेरिकेतलं यादवी युद्ध, १८६१ ते ६५. तिकडचा कापूस बंद म्हणून इकडच्या कापसाला भाव, सावकार हात सैल सोडतो. युद्ध संपलं, भाव पडला, सावकाराने हात आखडला, त्यातच साऱ्याची फेरआकारणी. हे एक स्पष्टीकरण. रविंदर कुमार म्हणतात, नव्या महसूलपद्धतीने आणि कोर्टकचेऱ्यांनी गावातले जुने संबंध मोडले, त्याचा हा परिणाम. नील चार्ल्सवर्थ १९७२ मध्ये म्हणाले, मुळात हे दंगे एवढे मोठे नव्हतेच, त्यांचा बोलबाला नंतर झाला. हे सगळं तुम्ही वर्गात मांडलंत. विद्यार्थी त्यातून काय घेऊन जातो? मी सांगतो, कारण मी असेच पेपर तपासले आहेत. तो लिहितो, 'अशा प्रकारे याबाबत विद्वानांत मतभेद आहेत.' आणि उत्तर संपतं. हुशार असला तर त्याच्या पुढे जातो आणि म्हणतो, ज्याचं त्याचं मत, इतिहास म्हणजे शेवटी लिहिणाऱ्याचा दृष्टिकोन. हे पाठांतरापेक्षा घातक आहे. पाठ करणाऱ्याला निदान खरं-खोटं असं काही असतं हे तरी मान्य असतं. सगळीच मतं, असं एकदा मनाने घेतलं की मोबाइलवर फिरणारा मजकूर आणि आयोगाचा अहवाल एकाच रांगेत बसतात. अर्धवट शंका शिकवून आपण मुलांना कुणाचंही काहीही मानायला मोकळं करतो.

कीर्तन्यांचंही तसंच. विशीत त्यांनी ग्रांट डफला प्रश्न विचारले, कारण ते ज्या जगात वाढले त्यात बखरी होत्या, मोडी होती, दप्तरं असलेली घरं होती. तुमच्या वर्गातल्या मुलीच्या घरात कागद कोणता? रेशनकार्ड, सातबारा असला तर असला. ज्यांच्या घरी रुमाल बांधून कागद ठेवलेत त्यांच्याच घराण्यांचा इतिहास लिहिला गेला. बाकीच्यांना आपण वर्गात बसवून त्या घराण्यांच्या लढाया आणि सनदा शिकवतो. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये महाराजांवर पोवाडा रचला, १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिली. त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता : ज्यांचे कागद नाहीत त्यांनी भूतकाळाबद्दल कशाच्या जोरावर बोलायचं? दीडशे वर्षांत आपल्या अभ्यासक्रमाने त्याचं उत्तर दिलेलं नाही.

कैवारी : त्या प्रश्नाला मी एका रजिस्टरने उत्तर देते. पूर्ण उत्तर नाही, पण सुरुवात तरी. माझ्या एका विद्यार्थिनीला मी सांगितलं, तुझ्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जा, मुख्याध्यापकांची परवानगी घे आणि जुनं जनरल रजिस्टर बघ. प्रत्येक जुन्या शाळेत ते असतं. लांबलचक, पुठ्ठ्याची बांधणी, कडा कुरतडलेल्या. रकाने ठरलेले : नोंद क्रमांक, नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, शेरा. आधीची पानं मोडीत होती, ती वाचायला तिने तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका आजोबांना गाठलं. बाकीची तिने स्वतः उतरवली.

आणून दाखवताना ती वैतागली होती. मॅडम, याचा काही उपयोग नाही, म्हणाली. अर्ध्याअधिक मुलांची जन्मतारीख १ जून. आता हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. शाळा जूनमध्ये सुरू, आईबापांना तारीख ठाऊक नाही, गुरुजींनी वय बसेल अशी तारीख टाकली. तिलाही माहीत होतं, तिच्या स्वतःच्या वडिलांचा वाढदिवस १ जून. म्हणून तर तिला तो कागद खोटा वाटला. मी म्हटलं, ही तारीख मुलाच्या जन्माबद्दल काही सांगत नाही, मान्य. मग ती कुणाबद्दल सांगते? दोन दिवसांनी ती रकाने लावून आली. कोणत्या वर्षापासून १ जून कमी होत जातो. कोणत्या घरांतल्या मुलांना खऱ्या तारखा आहेत, कोणत्या जातींच्या रकान्यापुढे जवळजवळ नेहमी १ जून येतो. मुलींना खरी तारीख कधीपासून मिळू लागते. शाळा सोडण्याच्या कारणांत मुलग्यांपुढे काय लिहिलंय, मुलींपुढे काय. जन्माबद्दल खोटा असलेला कागद, कुणाच्या जन्माची नोंद ठेवायची गरज कुणाला वाटत होती, याबद्दल खरा निघाला. मोठमोठ्या ग्रंथांत साधनचिकित्सा म्हणतात ती हीच. आणि 'ज्याचं त्याचं मत' हे म्हणायला तिला जागाच राहिली नाही. आकडे तिने स्वतः मोजले होते. तिचं मत काहीही असलं तरी ते बदलणार नव्हते. सर, तुमच्या घातक शंकेवर मला एवढाच उपाय माहीत आहे. मतांचा तुलनात्मक अभ्यास नंतर, आधी एक कागद शेवटपर्यंत.

साशंक : या रजिस्टरबद्दल मला काही बोलायचं नाही. असं काम बी.ए.ला होतंय हे ऐकून बरं वाटलं. पण तुम्ही किती जणांकडून ते करून घेऊ शकाल? वर्गात साठ-सत्तर नावं. तुम्ही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि त्या मुलीबरोबर घालवलेला वेळ कोणत्याच तासात मोजला जात नाही. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आला हे खरं. त्याचं बहुतेक ठिकाणी काय होतं? किल्ल्यावर सहल, बॅनर धरून फोटो, नेटवरून उतरवलेली माहिती स्पायरल बांधून. आणि खरं संशोधन ठेवलंय चौथ्या वर्षात, तेही पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के मिळवणाऱ्यांना. म्हणजे तीन वर्षं मुद्दे पाठ करून जो पुढे आला, त्यालाच कागदाला हात लावायची मुभा. आजोबांच्या जमिनीबद्दल बोलणारा तो मुलगा तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन गेलेला असणार.

कैवारी : म्हणूनच मी म्हणते, हे पहिल्याच सत्रात आणा. त्यासाठी जागा करायची तर ते मोठाले आढावे कमी करा. सिंधू संस्कृतीपासून शीतयुद्धापर्यंत सगळं थोडं थोडं, हा हट्ट सोडायला हवा. मुलाला चालुक्य आणि राष्ट्रकूट यांचा क्रम नसेल सांगता आला तरी चालेल.

साशंक : इथे मात्र मी तुम्हाला अडवणार. नाही चालणार. महाराष्ट्रात गावोगावचा इतिहास लिहिणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. घराण्याचा इतिहास, गावाचा इतिहास, जातीचा इतिहास. ही पुस्तकं मी ढिगांनी वाचली आहेत. लिहिणारे मेहनती असतात, कागद खरे असतात. पण लिहिणाऱ्याला आपल्या गावाबाहेर काय चाललं होतं याचा पत्ता नसतो. मग प्रत्येक गढी स्वराज्याची पाठीराखी होते, प्रत्येक आडनावाचं मूळ एखाद्या राजवंशात निघतं. ज्याला बहामनी आणि निजामशाही माहीत नाही, त्याला देशमुखी आणि पाटीलकी कुठून आली हे कळणार नाही. तो ती आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाची कमाई समजेल. तुम्ही ज्याला आढावा म्हणता तोच माणसाला सांगतो की तुझ्यासारखी गावं हजारो होती आणि जे तुला तुझं वाटतं ते मोरोक्कोतही घडत होतं. मी तरी पहिली दोन वर्षं हेच शिकवीन. कंटाळवाणं का असेना. विस्तार नसेल तर तुमच्या त्या एका कागदातून अभिमानाखेरीज काही निघणार नाही.

कैवारी : हे मला मानावं लागेल. अर्धं. रजिस्टर उतरवलेल्या मुलीने मला विचारलं होतं, इतर गावांतही असंच असेल का? तेव्हा तिला देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, आणि तो प्रश्न तिला आढाव्यातूनच पडला असता असं तुम्ही म्हणाल. पण माझा अनुभव असा की तो तिला कागदामुळे पडला. ज्याने काही शोधलंच नाही त्याला जग बघायची भूक लागत नाही. तुम्ही आधी नकाशा देता, मग चालायला सांगता. माझ्या वर्गातली मुलं तोवर निघून जातात.

साशंक : आणि चालता चालता ती कुठे पोहोचतात? आपण दोघंही ज्याला बगल देतोय तिथे. तुमच्या त्या मुलीने उद्या गावच्या देवळाचा, गावच्या वीराचा कागद काढला आणि गावात सांगतात तसं काही घडलंच नव्हतं असं निघालं, तर? तिला त्या गावात राहायचंय. तिचं लग्न तिथल्या माणसांनी ठरवायचंय. शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या रागातून ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. जुनी, नावाजलेली संस्था, तिच्या मागे जगभरचे विद्वान. तरी कपाटं फुटली, पुस्तकं-पोथ्या विस्कटल्या. शंका घेणाऱ्या माणसाच्या मागे काय उभं असतं हे त्या दिवशी दिसलं. मग विशीतल्या मुलीच्या मागे काय उभं आहे? आपण वर्गात सुरक्षित बसून तिला चिकित्सा शिकवतो. किंमत कॉलेज देत नाही, विद्यापीठ देत नाही, ती देते. अठराव्या वर्षी इतिहास घेऊ नको म्हणतो त्यामागे माझी ही भीती सगळ्यात मोठी आहे.

कैवारी : ही भीती मलाही आहे. पण तिला शंका आपण शिकवत नाही, सर. ती आधीच असते. गावचा वीर कोणत्या वाड्यातला आणि त्याच्या बरोबर गेलेल्यांची नावं कुणालाच का आठवत नाहीत, हे तिने लहानपणीच मनात विचारलेलं असतं. आपण तिला एवढंच देतो, की ही शंका मांडायची झाली तर कशी मांडायची, कुठे थांबायचं. रजिस्टरच्या निबंधात एक पान होतं. गावाबाहेरच्या एका वस्तीतली मुलं त्या रजिस्टरात सुरुवातीची कित्येक वर्षं दिसतच नाहीत. तिला लिहायचं होतं की त्यांना शाळेत घेत नव्हते. मी विचारलं, कशावरून? ती मुलं दुसऱ्या शाळेत जात असतील, गावाबाहेर कामाला जात असतील, त्या वर्षांचं दुसरं रजिस्टर हरवलेलं असेल. पंधरा दिवस ती शेजारच्या शाळा आणि पंचायत समिती पालथी घालत होती. शेवटी तिने लिहिलं : या कागदांवरून सांगता येत नाही. पुढे तिने लिहिलं की कोणता कागद मिळाला तर सांगता येईल. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

साशंक : बाहेरच्या परीक्षकाने त्याला शून्य दिलं असतं. उत्तर नाही, निष्कर्ष नाही. 'सांगता येत नाही' हे आळशी मुलगाही लिहितो. आणि तिचं 'सांगता येत नाही' वेगळं आहे हे ओळखायला तो निबंध शब्द न् शब्द वाचावा लागतो. ऐंशी पेपरांच्या गठ्ठ्यात ते कोण करणार? पण ते जाऊ द्या. समजा ओळखलं. तिच्या मनात जे आहे, तिला जे जवळजवळ खात्रीने माहीत आहे, त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका जे सांगतात, ते तुम्ही तिला पुराव्याअभावी लिहू दिलं नाहीत. ज्यांचे कागद नाहीत त्यांच्याबद्दल इतिहास पुन्हा गप्पच राहिला. तुमची शिस्त मला बरोबर वाटते, आणि ती त्या वस्तीला न्याय देत नाही हेही मला दिसतं.

कैवारी : म्हाताऱ्या बायकांचं बोलणं तिने नंतर ध्वनिमुद्रित केलं, तेही साधन म्हणून. पण तुमचं म्हणणं त्याने संपत नाही. साठ वर्षांनंतरची आठवण आणि रजिस्टरातली मोकळी जागा एकमेकांसमोर ठेवल्या तर कुणाचं ऐकायचं, याचं मला नेमकं उत्तर नाही. तिने तो निबंध ग्रामसभेत वाचायचं म्हटलंय.

साशंक : मी तिला थांबवलं असतं.

कैवारी : मी थांबवणार नाही. तो तिचा निर्णय. वाचेल त्या दिवशी मी तिथे जाऊन बसेन.

साशंक : ती ग्रामसभा मार्चनंतर. तुमची नेमणूक या मार्चपर्यंत.

कैवारी : हो. जूनमध्ये मी त्या कॉलेजात असेन की नाही ते मला सांगता येणार नाही. तिच्याकडे तिचा निबंध असेल आणि त्यात प्रत्येक विधानापुढे रजिस्टरचं पान असेल. तेवढ्या बळावर तिने उभं राहावं असं मला वाटतं. ते पुरेल की नाही याबद्दल आपलं आजही एकमत नाही.